खाज कुत्र्याला, परीक्षा घराची

कुत्रा लंगडला की घर हळहळतं. त्यानं एक वेळ अन्न सोडलं, तर एरवी त्याला स्वयंपाकघरातून हाकलणारी आजीही दोनदा उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवून येते. पण तोच कुत्रा नुसता खाजवत राहिला, तर पंधरा दिवसांत घरातल्यांचा सूर बदलतो. आधी 'बघ गं, याला काही चावतंय का' म्हणणारी माणसं महिन्याभरानं 'ए, बस कर आता!' म्हणून ओरडायला लागतात. कारण उघड आहे. लंगडणारा कुत्रा कुणाची झोप मोडत नाही, खाजवणारा मोडतो. रात्री दोन वाजता फरशीवर पाय आपटल्याचा टकटक आवाज, त्यानंतर पंजे चाटल्याचा चटचट आवाज, सकाळी सोफ्यावर केसांचे पुंजके आणि थोड्या दिवसांनी अंगाला येणारा ओल्या गोणपाटासारखा कुबट वास. पाहुणे आले की त्याला गच्चीवर बांधावं लागतं. मग एके दिवशी जेवताना कुणीतरी ते वाक्य बोलतंच, 'आपल्या ओळखीत कुणाचं फार्महाउस नाही का?'

फार्महाउस हा शब्द मोठा सोयीचा आहे. जयपूरच्या बाहेर अजमेर रोडला किंवा दिल्ली रोडला अशी फार्महाउसं आहेतच. तिथं मोकळी हवा आहे, पळायला जागा आहे, असं मुलांना सांगता येतं. अंगाला कंड सुटलेल्या कुत्र्याला तिथं रोज औषध कोण देणार, हे कुणी विचारत नाही. पाळलेल्या प्राण्याचे भुकेनं किंवा तहानेनं हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण गोष्ट तिथवर जाण्याआधीच्या पायरीवर बोलायला हवं. असा कुत्रा घराबाहेर जातो तो बहुधा आजार हाताबाहेर गेला म्हणून नव्हे, घरातल्यांचा धीर संपला म्हणून. आणि धीर संपतो, कारण सगळे तो बरा होण्याची वाट पाहत असतात. त्वचेची ॲलर्जी सहसा कायमची बरी होत नाही. मधुमेहासारखी ती सांभाळावी लागते. एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी कुणी सांगितलं, तरी पुढचे कितीतरी घोळ टळतील.

हे घोळ कसे होतात ते पाहायचं तर एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. नोकरीतल्या बदलीमुळे पुण्याहून जयपूरला आलेलं, मालवीयनगरच्या बाजूला भाड्यानं राहणारं. नवरा-बायको, नववीतला मुलगा, आजी-आजोबा आणि पुण्याहून गाडीत बसून आलेला दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर, ब्रूनो. पहिलं वर्ष छान जातं. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये ब्रूनो पुढचे पंजे चाटू लागतो. मग तोंड गालिच्यावर घासतो, कान झटकतो, काखेत आणि जांघेत लाल चट्टे दिसतात. 'जयपूरचं पाणी बाधलं त्याला,' आजोबा निदान करतात. शेजारच्या बाई म्हणतात, 'भाभीजी, इसको गर्मी हो गई है।' आजी दही लावायला सांगते. मुलगा मित्राकडून मलमाची एक ट्यूब आणतो. ब्रूनो दही आवडीनं चाटून टाकतो आणि मागोमाग मलमही!

हे कुटुंब कल्पनेतलं असलं, तरी त्यांच्यासारखी घरं शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

एका दिवसात गुण

आता डॉक्टरांकडे जाणं आलं. गर्दीच्या दवाखान्यात पाच मिनिटांत एक इंजेक्शन दिलं जातं आणि दुसऱ्या दिवशी चमत्कार होतो. खाज बंद! घरात आनंदीआनंद. तीन आठवड्यांनी खाज परत येते, पुन्हा इंजेक्शन, पुन्हा आनंद. पुढच्या खेपेला गुण पंधरा दिवसच टिकतो. या मधल्या काळात ब्रूनो पाणी जास्त पिऊ लागलेला असतो, घरात लघवी करू लागलेला असतो, सारखा खायला मागत असतो. पोट सुटतं, अंगावरची कातडी पातळ पडते. घरातल्यांना वाटतं, हा आता म्हाताऱ्यासारखा वागायला लागला. खरं तर हे सगळं त्या इंजेक्शनातल्या स्टेरॉइडचं देणं असतं.

स्टेरॉइडला शत्रू समजण्याचं कारण नाही. कुत्रा रक्त येईपर्यंत खाजवत असेल, तर थोड्या दिवसांसाठी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देणं हा शहाणपणाचाच उपाय आहे. गोळीचा डोस हळूहळू उतरवता येतो, काही त्रास दिसला तर थांबता येतं. आठवडे टिकणारं इंजेक्शन एकदा अंगात गेलं की परत काढून घेता येत नाही. बराच काळ चाललेल्या गोळ्या मात्र आपल्या मनानं एकदम बंद करू नयेत, शरीराला ते झेपत नाही. म्हणून दवाखान्यात विचारायला संकोच करू नका, 'डॉक्टर, हे स्टेरॉइड आहे का? किती दिवसांसाठी?' आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न, 'खाज कशामुळे आहे, ते कळलं का?' कारण स्टेरॉइड खाज थांबवतं, कारण लपवतं. कारण जर डेमोडेक्स नावाची, केसांच्या मुळाशी राहणारी कीड असेल, तर स्टेरॉइडमुळे ती आणखी फोफावते.

ॲलर्जीचं नाव सर्वांत शेवटी

'ॲलर्जी' हा शब्द तसा अलीकडचा. क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञानं तो १९०६ मध्ये घडवला. कुत्र्यालाही माणसासारखी परागांची ॲलर्जी होते, हे अमेरिकेतल्या विटिच या डॉक्टरांनी १९४१ मध्ये एका कुत्र्याच्या उदाहरणावरून दाखवलं. आज तो शब्द इतका स्वस्त झाला आहे की कुत्र्यानं कान खाजवला तरी 'ॲलर्जी असेल' म्हणून मोकळं होतात. चांगला पशुवैद्य मात्र हे नाव सर्वांत शेवटी घेतो. ज्या कारणांवर नेमका उपाय आहे, ती तो आधी एकेक करून बाजूला सारतो.

पहिला मान पिसवांचा. 'आमच्याकडे पिसवा नाहीत हो!' असं म्हणण्यात घराची अब्रू अडकलेली असते, पण पिसू अब्रू पाहून येत नाही. ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते, त्याला दोन-चार चावेही पुरतात. तो आपली शेपटीच्या मुळाजवळची पाठ कुरतडून काढतो. पिसू दिसली नाही, तरी बारीक दातांच्या फणीनं त्या जागचे केस विंचरा आणि पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवेची विष्ठा आहे, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतक्या असतात. बाकी अंडी, अळ्या आणि कोष गालिच्यात, सोफ्याच्या फटीत, कुत्र्याच्या अंथरुणात असतात. म्हणून नुसती एक आंघोळ घालून भागत नाही. घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी औषध द्यावं लागतं, तेही सलग काही महिने. मात्र कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध चुकूनही मांजराला लावू नका, त्यानं मांजर दगावू शकतं.

मग येते लूत. कानाच्या कडा आणि कोपरं यांवर खपल्या, अनावर खाज आणि त्याच सुमाराला घरातल्या एक-दोन माणसांच्या हातावर किंवा पोटावर पुरळ, हे एकत्र दिसलं की डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. ही कीड कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दरवेळी ती सापडतेच असं नाही, म्हणून शंका असली तरी उपचार करून पाहतात. लुतीसाठी गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुणी परस्पर आणून टोचतं. कोली आणि त्याच्या नात्यातल्या काही जातींना ते जिवावर बेतू शकतं, कारण त्यांच्यातल्या अनेक कुत्र्यांमध्ये हे औषध मेंदूपर्यंत जाऊ न देणारी यंत्रणा जन्मतःच सदोष असते.

तिसरी गोष्ट जंतूंची. ज्या कातडीला खाजवून जखमा झाल्या आहेत, तिथं जिवाणू आणि यीस्ट घर करतात. तो कुबट वास, ते काळवंडलेले जाड चट्टे, कानातला तपकिरी मळ हे बहुधा त्यांचं काम असतं. हा संसर्ग स्वतःही खाज आणतो. इथं दूध उतू जाण्याचं उदाहरण चपखल बसतं. परागांची थोडी ॲलर्जी असताना दूध भांड्यात निम्म्यावर असतं. त्यात चार पिसवा, वर यीस्ट, की आलंच उतू! ॲलर्जी घालवता येत नसली, तरी पिसवा आणि यीस्ट घालवता येतात आणि तेवढ्यानंही दूध खाली बसतं. कित्येक घरांत एवढंच करून रात्रीची झोप परत येते.

आजोबांच्या चहातलं बिस्किट

खाण्याची ॲलर्जी हा सर्वांत घरगुती आणि म्हणूनच सर्वांत अवघड भाग. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली होती. त्यात गोमांसाची ॲलर्जी ३४ टक्के, दूधदुभत्याची १७ टक्के, चिकनची १५ टक्के आणि गव्हाची १३ टक्के कुत्र्यांना आढळली. गोमांस बाजूला ठेवलं, तर उरलेली यादी आपल्या ओळखीची आहे. दूध-पोळी आणि रविवारी चिकन! पिढ्यान्‌पिढ्या आपण कुत्र्याला हेच घालत आलो. याचा अर्थ दूध-पोळी वाईट आहे असा मुळीच नाही. बहुसंख्य कुत्र्यांना ती पचते आणि खाजवणाऱ्या कुत्र्यांतही अन्न हे कारण थोड्यांचंच असतं. पण ज्याला वर्षाचे बारा महिने खाज आहे, ऋतू बदलला तरी जी हलत नाही, शिवाय पोटही वरचेवर बिघडतं, त्याच्याबाबत ही शंका घ्यायलाच हवी.

ती फेडायचा खात्रीचा मार्ग एकच. किमान आठ आठवडे कुत्र्याला असं अन्न द्यायचं, जे त्यानं आजवर खाल्लेलंच नाही. कधी मासे न खाल्लेल्या कुत्र्याला एकाच जातीचा मासा आणि बटाटा, असं काहीतरी. ज्या घरात मांस-मासे शिजत नाहीत तिथं, कुत्र्यानं सोयाबीन खाल्लं नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते चालू शकतं किंवा प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे करून बनवलेलं खास तयार खाद्य मिळतं. ते महाग असतं, पण दोन महिन्यांपुरतंच घ्यायचं असतं. आठ आठवड्यांत खाज उतरली, तरी परीक्षा संपत नाही. मग जुनं अन्न पुन्हा द्यायचं. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली, तरच निदान पक्कं. ही शेवटची पायरी घरातल्यांना दुष्टपणाची वाटते, पण ती गाळली तर बरं वाटलं ते अन्नामुळे की ऋतू बदलल्यामुळे, हे कधीच कळत नाही.

कागदावर हे सोपं दिसतं. ब्रूनोच्या घरी काय होतं पाहा. सूनबाई रोज सकाळी वेगळ्या पातेल्यात मासा-बटाटा उकडते. त्या वासानं आजी नाक मुरडते, तरी गप्प राहते. बारा दिवस सुरळीत जातात. तेराव्या दिवशी कळतं, की आजोबा रोज सकाळी चहात बुडवलेलं अर्धं बिस्किट ब्रूनोला देत होते. 'अहो बाबा, सांगितलं होतं ना!' 'अगं, अर्ध्यानं काय होतंय? तो बघत बसतो गं माझ्याकडे.' अर्ध्या बिस्किटात गहूही असतो आणि दूधही. सगळं मुसळ केरात! पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. वर जयपूरच्या कितीतरी घरांत पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची ही रीत अजून पाळली जाते. ती शेवटची पोळी फाटकातून ब्रूनोच्या पुढ्यात पडू शकते. पोळी देणाऱ्या शेजारणीला नको म्हणायचं तर तिच्या पुण्याआड येणं! म्हणून आधी चार घरी जाऊन सांगावं लागतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुत्र्याच्या चघळण्याच्या कांड्या, चव घातलेल्या जंताच्या गोळ्या, ताटाखाली सांडलेलं खरकटं, हेही सगळं बंद.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रक्ताचा नमुना पाठवून 'याला कशाकशाची ॲलर्जी आहे' याची लांबलचक यादी देणाऱ्या तपासण्या आता सहज होतात. अन्नाच्या ॲलर्जीसाठी त्या भरवशाच्या नाहीत. यादीत तांदूळ आला म्हणून घाबरून तांदूळ बंद करणारी घरं पैसे आणि महिने दोन्ही घालवतात.

कूलर, रजई आणि वावळाचं झाड

हे सारं बाजूला सारून खाज उरली, तर मग ती हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी. डॉक्टर तिला ॲटोपी म्हणतात. ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, बॉक्सर, पग, ल्हासा ॲप्सो या जाती तिला जास्त बळी पडतात. माणसाला अशा ॲलर्जीनं शिंका येतात, कुत्र्याला खाज सुटते. पूर्वी वाटायचं की हे कण श्वासातून आत जातात. आता असं मानतात, की अशा कुत्र्यांच्या कातडीचा अडसरच ढिला असतो आणि पराग, धूळ त्यातून आत शिरतात. म्हणूनच जमिनीला टेकणारे पंजे आणि पोट यांवर सगळा राग निघतो.

इथं जयपूरचा स्वतःचा हिशेब सुरू होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिलबिल फुलतो. मराठीत याला वावळ म्हणतात. त्याच्या परागांचा इथं माणसांच्या दम्याच्या संदर्भात अभ्यास झाला आहे. विलायती बाभूळ आणि हरळी आहेतच. मग होळीचे रंग येतात. कुत्र्यावर रंग टाकणं ही गंमत नाही, विशेषतः ज्याची कातडी आधीच सोललेली आहे त्याच्यावर. मे-जूनमध्ये धुळीची आंधी. जुलैपासून पाऊस, पंजांच्या बेचक्यांत ओल आणि यीस्टची चंगळ.

पण खरी गोम घरात आहे. धुळीत डोळ्यांना न दिसणारे डस्ट माइट नावाचे जीव असतात. माणसाच्या आणि कुत्र्याच्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर ते जगतात. त्यांना ओलसर हवा लागते, त्यामुळे वाळवंटी कोरड्या हवेत ते फार फोफावू नयेत. आपण मात्र उन्हाळ्यात कूलर लावतो! ओल्या जाळ्यांमधून आलेली गार, दमट हवा खोलीभर पसरते आणि ब्रूनो नेमका त्याच्या समोर पाय पसरून झोपतो. कोरड्या हवेच्या प्रदेशांत पाण्याच्या कूलरमुळे घरातले डस्ट माइट वाढतात, हे परदेशातही दिसून आलं आहे. म्हणून कूलर बंद करा असं ४५ अंशांच्या शहरात कोण म्हणेल? पण खिडकी उघडी ठेवून हवा खेळती ठेवणं, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासणं, बुरशी धरलेल्या जाळ्या बदलणं हे होऊ शकतं. थंडीत तीच गोष्ट रजईची. जयपुरी रजई म्हणजे शहराचा अभिमान, वजनाला हलकी, उबेला भारी आणि कापसाच्या त्या थरांत माइटना राहायला निवांत जागा. ब्रूनोचा लाडका कोपरा तोच. त्याला रजईवरून उठवून कडक गरम पाण्यात दर आठवड्याला धुता येईल अशी साधी चादर किंवा गोधडी द्यावी. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी या कामाला फार उत्तम.

फिरून आल्यावर पंजे आणि पोट ओल्या फडक्यानं पुसून कोरडे करणं हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तोच सर्वांत आधी विसरला जातो. आठवड्यातून एकदा आंघोळ घालावी, पण माणसाच्या साबणानं नाही. आपली कातडी थोडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची जवळपास उदासीन. यीस्ट असेल तर डॉक्टर क्लोरहेक्सिडिन-मायकोनाझोलचा शाम्पू देतात. तो अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचा असतो. नळाला ठरावीक वेळच पाणी येत असेल, तर दहा मिनिटं ओल्या ब्रूनोला धरून ठेवणं म्हणजे सर्कसच. ते काम नववीतल्या मुलाकडे सोपवावं.

नव्या औषधांपैकी ऑक्लासिटिनिबच्या गोळीला अमेरिकेत २०१३ मध्ये परवानगी मिळाली. खाजेचा निरोप मेंदूपर्यंत जाऊ न देण्याचं काम ती करते, तेही स्टेरॉइडची तहान-भूक न वाढवता. आता भारतातही डॉक्टर ती लिहून देतात. एक वर्षाच्या आतल्या पिल्लांना आणि मोठा संसर्ग किंवा कर्करोग असलेल्या कुत्र्यांना ती देत नाहीत. दुसरा मार्ग लसीसारख्या उपचाराचा. ज्या कणांची ॲलर्जी आहे, त्यांचेच अगदी थोडे अंश वाढत्या प्रमाणात देऊन शरीराला सवय लावायची. दहांतल्या साधारण सहा कुत्र्यांना त्याचा फायदा होतो, पण तो कळायला वर्षभरसुद्धा लागू शकतं. ही सोय मोजक्याच ठिकाणी मिळते.

घरगुती उपायांबाबत थोडं कठोर व्हावं लागेल. कडुनिंबाच्या पाण्यानं सहसा बिघडत नाही, पण तेवढ्यानं आजारही हटत नाही. मात्र रॉकेल, फिनेल, तंबाखूचं पाणी आणि गॅरेजमधलं जळकं ऑइल ही विषं आहेत. कुत्रा अंगाला लावलेलं सगळं चाटतो, हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे. टी ट्री तेल, कापूर घातलेलं खोबरेल, सोरायसिसची माणसांची मलमं यांनी कुत्र्यांना विषबाधा होऊ शकते. सर्दीच्या गोळ्यांतही ॲलर्जीचं औषध असतं, म्हणून ती अर्धी मोडून देणारे भेटतात. त्यात स्यूडोएफेड्रिन मिसळलेलं असलं, तर कुत्र्याचं हृदय धावू लागतं.

सूनबाईंनी एक वही केली आहे, ती मात्र प्रत्येक घरानं करावी. रोज रात्री तारीख आणि खाजेला शून्य ते दहा यांतला एक आकडा. सोबत त्या दिवशीचं काही वेगळं, म्हणजे आंधी, नवं खाणं, आंघोळ, सुटलेली गोळी. सहा महिन्यांची अशी वही दवाखान्याच्या टेबलावर ठेवली, तर डॉक्टरांना पाच मिनिटांतही पुष्कळ दिसतं. ब्रूनोचा आकडा आठवरून तीनवर आला आहे आणि तिथंच रेंगाळतो. कधीतरी मार्चमध्ये सहावर जातो. फार्महाउसचा विषय मागच्या दिवाळीनंतर निघालेला नाही.

राहिला प्रश्न फाटकाबाहेरच्या कुत्र्यांचा. ब्रूनो त्यांना हुंगतो म्हणून घरातले त्यांना हाकलतात. जयपूरमध्ये दुर्गापुऱ्याजवळ 'हेल्प इन सफरिंग' ही संस्था १९८० मध्ये क्रिस्टल रॉजर्स या ब्रिटिश बाईंनी सुरू केली. १९९४ च्या अखेरीपासून तिनं गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस यांची मोहीम चालवली आणि २००२ च्या अखेरपर्यंत सुमारे २५ हजार कुत्र्यांवर हे काम झालं. अशा मोहिमांत नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटासा काप देतात. तो सरळ, स्वच्छ काप आणि लुतीनं खरबरीत झालेली कानाची कड यांत फरक असतो, एकदा पाहिला की ओळखता येतो. लूत ही ॲलर्जी नव्हे. खालच्या गल्लीत अंगावरचे केस गेलेला, कातडी हत्तीसारखी जाड झालेला जो कुत्रा आपण लांबूनच हाकलतो, त्याला पशुवैद्यानं ठरवून दिलेलं औषध पोळीत घालून वेळेवर मिळालं, तर काही आठवड्यांत खाज थांबते आणि पाठीवर पुन्हा मऊ केस उगवू लागतात.